गालिचा उलटा करून बघा

आयटीत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या कपाटात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, मेलेल्या फोनांचे चार्जर. दोन, फुकट मिळालेले टी-शर्ट. लाँचचा टी-शर्ट, हॅकेथॉनचा टी-शर्ट, टीम आउटिंगचा टी-शर्ट... ते प्रॉडक्ट कधीच बंद पडलेलं असतं, टीम पांगलेली असते, पण टी-शर्ट मात्र अजून टणटणीत. आमच्याकडे असे सतरा निघाले. बायकोने निकाल दिला, "एक तर बोहारणीला दे, नाहीतर फरशी पुसायला काढ."

मी तिसरा मार्ग काढला. टी-शर्ट कापून त्यांच्या पट्ट्या करायच्या आणि त्या गोणपाटावर ओवून गालिचा बनवायचा. इंग्रजीत याला 'हुक्ड रग' म्हणतात. सामान अगदीच किरकोळ. एक लाकडी चौकट, तिच्यावर ढोलासारखं ताणून बसवलेलं गोणपाट, आणि क्रोशाच्या सुईसारखा पण जरा दणकट असा एक आकडा. डाव्या हाताने पट्टी गोणपाटाच्या खाली धरायची. उजव्या हाताने वरून आकडा भोकात खुपसायचा, पट्टी पकडायची आणि छोटासा फास वर ओढून घ्यायचा. मग पुढचं भोक. मग त्याच्या पुढचं. बस्स, एवढंच!

यात गाठ नाही, टाका नाही, गोंद नाही. शेजारशेजारचे फास एकमेकांना दाबून धरतात आणि गोणपाटाचे धागे त्यांना आवळून धरतात, म्हणून सगळं टिकतं. लोकलमधल्या गर्दीत दांडी न धरताही माणूस उभा राहतो, तसं. पण एखादं टोक धरून ओढलंत तर अख्खी रांग सरसर उसवत येते. (हे मला कसं कळलं ते विचारू नका.)

आधी हिशोब केला होता. या कामात गालिच्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण चौपट ते पाचपट कापड लागतं, कारण सगळं कापड फासांमध्ये उभं राहतं. दोन बाय तीन फुटांचा गालिचा म्हणजे सहा चौरस फूट, म्हणजे चोवीस ते तीस चौरस फूट कापड. बाह्या, कॉलर, शिवणी काढून टाकल्या तर एका टी-शर्टातून सहाएक चौरस फूट सुटतं. म्हणजे पाच टी-शर्टांत काम फत्ते. प्रत्यक्षात सात गेले तरी अजून एक कोपरा उघडाच आहे. एस्टिमेशनचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

असो. कुठलंही टूल हातात घेतलं की ते कोणी, कधी आणि का बनवलं हे शोधत बसायची मला जुनी खोड आहे. या गालिच्यांची सांगितली जाणारी गोष्ट फार गोड आहे. अमेरिकेचा ईशान्य कोपरा, म्हणजे न्यू इंग्लंड आणि कॅनडाचा समुद्रकाठ. बाहेर बर्फ, आत शेकोटी. काटकसरी आज्या जुन्या कोटांच्या आणि स्कर्टांच्या चिंध्या करून गालिचे बनवताहेत, बाजाराशी काही संबंध नाही, सगळं घरचं. १९२० च्या दशकात अमेरिकेत घर 'वसाहतकालीन' पद्धतीने सजवायची टूम निघाली, तेव्हा हे गालिचे दिवाणखान्यांत आले आणि लिलावांत विकले जाऊ लागले. हे १७७६ च्या आधीचे, आपल्या पूर्वजांच्या हातचे, अशी घेणाऱ्यांची समजूत.

ही समजूत खरी की खोटी ते तपासायची एक सोपी युक्ती जाणकार वापरतात. गालिचा उलटा करायचा आणि तळाचं कापड बघायचं. ते लिनन किंवा घरी विणलेलं जाडंभरडं कापड असेल, तर गालिचा जुना असू शकतो. पण तळाला गोणपाट निघालं, तर तो साधारण १८५० च्या अलीकडचा. आणि या गालिच्यांपैकी बहुतेकांच्या तळाला गोणपाटच निघतं!

म्हणजे ज्याला अस्सल अमेरिकन, अस्सल घरगुती म्हणून मिरवायचं, तो उभा होता बंगालच्या तागावर. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, वरचा कोड आजीचा, पण डिपेंडन्सी कलकत्त्याची.

गोणपाटच का, याचं उत्तर स्वतः करून बघितल्यावर लगेच मिळतं. लिननची वीण घट्ट असते. तिच्यातून सुई जाते, पण जाडजूड आकडा घालून लोकरीच्या कापडाची पाव इंची पट्टी वर ओढायची म्हणजे मनगटाचं काम तमाम. म्हणून त्याआधीचे गालिचे बहुधा सुईने, सुताचे टाके घालून केलेले असत. सूत विकत तरी घ्यावं लागे नाहीतर कातावं तरी लागे, त्यामुळे ते खातंपितं घर असल्याशिवाय जमत नसे. गोणपाटाची वीण विरळ आणि धागा चिवट. आकडा आत जातो, धागे बाजूला सरकतात आणि फास आला की पुन्हा आवळतात. चिंधी वापरता येऊ लागली ती या भोकांमुळे. गरिबाघरी गालिचा आला तोही या भोकांमुळेच.

आता हे गोणपाट तिकडे पोहोचलं कसं? बंगालमध्ये हातमागावर तागाचं कापड आणि पोती विणायचा धंदा जुनाच होता. इंग्रजीतला 'गनी बॅग' हा शब्द आपल्या गोणीवरूनच गेला आहे. एकोणिसाव्या शतकात बॉस्टन आणि कलकत्ता यांच्यात जहाजांची चांगलीच ये-जा होती. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज बॉस्टनहून चक्क बर्फ भरून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं. निघताना साधारण १८० टन बर्फ होता, पोहोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास उरला होता. (न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ कलकत्त्याच्या साहेबाच्या ग्लासात! या फ्रेडरिक ट्यूडरवर एक वेगळा लेख लिहायला हवा.) परत जाताना अशी जहाजं नीळ, सोरा, कातडी, जवस आणि गोणपाट भरून नेत. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या गाठी बांधायला ते गोणपाट लागे.

दुसरा रस्ता स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून गेला. तिथे लिननच्या गिरण्या होत्या. तागाचा धागा कोरडा आणि ठिसूळ, यंत्रावर तुटायचा. पण डंडी हे देवमाशांच्या शिकारीचंही बंदर होतं. देवमाशाचं तेल आणि पाणी शिंपडून ताग मऊ केला की तो यंत्रावर चालतो, हे १८३० च्या दशकात तिथे जमून गेलं. पुढे १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाकडून येणारं अळशीसूत आणि हेम्प अडलं आणि डंडीने तागावर उडीच घेतली. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे हिंदुस्थानातली पहिली ताग गिरणी सुरू झाली. बघता बघता जगातलं धान्य, कॉफी, साखर, कोंडा, सगळं तागाच्या पोत्यात शिरलं. मेनमधल्या किंवा नोव्हा स्कोशियातल्या शेतकऱ्याच्या घरी पशुखाद्याचं पोतं आलं, ते रिकामं झालं, बायकोने धुतलं, शिवण उसवली आणि चौकटीवर ताणलं.

तिला ते पोतं फुकट पडलं, म्हणून कोणालाच त्याची किंमत मोजावी लागली नाही असं मात्र नाही. ताग कापल्यावर जुड्या बांधून दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवतात आणि मग माणसं त्याच पाण्यात कमरेएवढं उभं राहून साल सोलून धागा काढतात. पूर्व बंगालमधला शेतकरी हे करत होता. त्याच्या गोष्टीत शेकोटी नाही आणि तो कुठल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्येही नाही.

आता या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र. एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट, मेन राज्यातल्या बिडफर्ड गावचा. हा फेरीवाला होता, पत्र्याची भांडी विकायचा. तेव्हा असे भांडीवाले पैशांऐवजी चिंध्याही घेत, कारण लाकडाच्या लगद्याचा कागद रूढ होईपर्यंत कागदाच्या गिरण्या चिंध्यांवर चालत. भांडी द्या, चिंध्या घ्या... ओळखीचं वाटतंय ना? आमच्या लहानपणी दुपारी "भांडीय्ये!" अशी आरोळी यायची आणि आई जुन्या साड्या, बाबांच्या पॅन्टी घेऊन जिन्यात बसायची. बोहारीण म्हणायची, "ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत, अजून एक साडी टाका." मेनमध्येही अशीच घासाघीस होत असणार, फक्त थंडी जरा जास्त.

तर १८६८ च्या हिवाळ्यात फ्रॉस्टने बायकोला गालिचा करताना पाहिलं. तिचा आकडा वेडावाकडा, त्याहून वेडंवाकडं गोणपाटावर काढलेलं चित्र. त्याने तिला चांगला आकडा बनवून दिला आणि नवीन नक्षीही काढून दिली. ती बघून शेजारणी मागे लागल्या, आम्हालाही काढून द्या. हाताने एकेक नक्षी काढून थकल्यावर याच्या डोक्यात जी कल्पना आली, ती कुठल्याही चांगल्या इंजिनिअरच्या डोक्यात आली असती. तेच काम दहाव्यांदा हाताने कशाला करायचं? पत्रा कापायचं कसब अंगात होतंच. त्याने पत्र्याचे स्टेन्सिल कापले आणि फुलं, सिंह, कुत्रे, पानांच्या वेलबुट्ट्या आणि चक्क तुर्की गालिच्यांच्या नक्ष्या गोणपाटावर छापून विकायला सुरुवात केली. आधी दारोदार, मग दुकानातून. १८७६ साली प्रकृतीच्या कारणाने धंदा विकून तो कॅलिफोर्नियाला गेला. तोवर गाठीला बऱ्यापैकी पैसा जमला होता.

मला फ्रॉस्टचा राग येत नाही. त्याने कोणाला फसवलं नाही. ज्या बाईला चित्र काढता येत नव्हतं तिला त्याने सिंह दिला. पण त्यानंतर हजारो घरांत तोच सिंह बसला. आज संग्रहालयात एखादा 'लोककलेचा नमुना' बघून आपण त्या अनाम आजीच्या कल्पनाशक्तीला दाद देतो, तेव्हा ती पुष्कळदा बिडफर्डच्या भांडीवाल्याची असते. आजीचा असतो तो रंग. छापील नक्षीत कुठली चिंधी कुठे घालायची, नवऱ्याचा निळा कोट संपला की आभाळ कशाने पुरं करायचं, हे तिचं तिलाच ठरवावं लागे. मला तर ते जास्त अवघड वाटतं. माझ्याकडे सतरापैकी अकरा टी-शर्ट काळे होते. कॉर्पोरेट माणसाच्या चिंध्यांत रंग कुठून येणार?

या गालिच्यांच्या इतिहासात पैसा कुठे थांबला ते बघत गेलं की तो बहुतेक वेळा रस्ता ज्याच्या हातात त्याच्याकडेच थांबलेला दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांतून फेरीवाले लिनोलियम घेऊन फिरू लागले. जुना गालिचा द्या, नवं कोरं चकचकीत लिनोलियम घ्या. बायकांनी आनंदाने दिले, आणि का देऊ नयेत? लिनोलियम ओल्या फडक्याने पुसता येतं. फेरीवाल्याने ते गालिचे बॉस्टन-न्यूयॉर्कच्या दलालांपर्यंत पोहोचवले आणि तिथे ते 'वसाहतकालीन' झाले. यातली गंमत अशी की लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा, आणि तो थापलेला असतो तागाच्या कापडावर! ते उलटं केलं तरी खाली गोणपाटच.

न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉरची कथा थोडी वेगळी. विल्फ्रेड ग्रेनफेल हा इंग्रज डॉक्टर १८९२ साली तिथल्या कोळ्यांमध्ये आला. ही माणसं व्यापाऱ्याकडून जाळी, पीठ, मीठ उधार घेत आणि हंगामाच्या शेवटी मासे देऊन फेडत. रोख रक्कम फारशी हातात येतच नसे. हिवाळ्यात तर काहीच काम नाही. बायका गालिचे करायच्याच, ते विकता येतील हे मिशनच्या लक्षात आलं. १९०६ साली जेसी ल्यूथर ही अमेरिकन हस्तकला शिक्षिका तिथे आली आणि हळूहळू एक छोटा उद्योगच उभा राहिला. ध्रुवीय अस्वलं, कुत्र्यांच्या गाड्या, शिडाची जहाजं, उडणारी बदकं असे विषय. १९२० च्या दशकाच्या शेवटी मिशनने अमेरिकेतल्या बायकांना आवाहन केलं की फाटलेले रेशमी मोजे टाकू नका, आम्हाला पाठवा. ते मोजे रंगवून, बारीक पट्ट्या करून गोणपाटाचं एकही भोक न सोडता ओवत. चांगल्या कामात एका चौरस इंचात दोनशेच्या आसपास फास असत. माझे टी-शर्टाचे फास मी मोजले. सोळा!

हे गालिचे उलटे केले की मागे कापडी लेबल दिसतं, 'ग्रेनफेल लॅब्रॅडॉर इंडस्ट्रीज'. करणारीचं नाव साधारणपणे नसतं. त्या पैशांनी घरात पीठ आणि कपडे आले हेही खरं, आणि अस्वल कुठल्या रंगाचं करायचं हे तिच्या हातात राहिलं नाही हेही खरं. मला यात कोणी खलनायक सापडत नाही.

केप ब्रेटन बेटावरच्या शेटिकँपमध्ये मात्र ठिणगी पडली. फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन कोळ्यांचं हे गाव. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या कुटुंबाशी ओळख असलेली लिलियन बर्क नावाची अमेरिकन चित्रकार १९२७ च्या सुमारास तिथे पोहोचली. तिने चिंध्यांऐवजी लोकरीचं बारीक सूत आणलं, भडक रंगांऐवजी मवाळ रंग शिकवले, नक्ष्या दिल्या आणि न्यूयॉर्कचं गिऱ्हाईक मिळवून दिलं. श्रीमंतांच्या हवेल्यांसाठी मोठमोठे गालिचे होऊ लागले. त्यातला एक तर ६४८ चौरस फुटांचा होता. मुंबईकरांनो, हा अख्खा वन बीएचके झाला, आणि इथे 'कार्पेट एरिया' शब्दशः खरा! बायका लांबलचक चौकटीच्या दोन्ही बाजूंनी ओळीने बसून तो महिनोन्‌महिने ओवत होत्या.

मोबदला चौरस फुटावर मिळे. आपल्याला काय मिळतं आणि न्यूयॉर्कला काय भाव लागतो, हे हळूहळू गावात पोहोचलं. बायकांनी वाढवून मागितलं. ते जमलं नाही तेव्हा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही जणी बाजूला झाल्या आणि स्वतःच विकू लागल्या. सगळ्या नाही. काही बर्कबाईंबरोबर राहिल्या, आणि एवढ्याशा गावात त्यावरून काय काय झालं असेल याची कल्पना कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगला गेलेला माणूस करू शकतो. त्याच सुमारास केप ब्रेटनला गोल फिरणारा मोटररस्ता झाला, पर्यटक दारात येऊ लागले आणि न्यूयॉर्कच्या दलालाची गरज उरली नाही. पुढे याच गावच्या एलिझाबेथ लेफोर्ट या बाईने सुताचे फास काढून माणसांचे चेहरे केले. तिची कामं व्हाइट हाउस, व्हॅटिकन आणि बकिंगहॅम पॅलेसपर्यंत गेली, आणि तिच्या नावाने गेली.

आता तुम्ही विचाराल, ताग आपल्या देशातला, चिंध्यांना तोटा नाही, मग आपल्याकडे असे गालिचे का झाले नाहीत? थंडी नाही हे सोपं उत्तर. माझा अंदाज थोडा वेगळा आहे. आपली साडी न शिवलेली, सलग. जुनी झाली तरी पदराजवळचं आणि मधलं बरंच कापड शाबूत असतं. त्याच्या घड्या एकावर एक टाकल्या, धावदोरा घातला की गोधडी तयार. वेगळा तळ लागतच नाही, साडीच तळ. उलट कोट-पॅन्ट शिवलेले. कोपरं आणि गुडघे झिजले की उरतात वेड्यावाकड्या आकाराचे जाड तुकडे. ते अंथरता येत नाहीत. त्यांच्या पट्ट्याच करायला लागतात आणि त्यांना धरून ठेवायला दुसरं कापड लागतं.

आता अमेरिकेत हा छंद करणारे बरेच जण नवं कोरं लोकरी कापड विकत आणतात आणि हँडल फिरवायच्या छोट्या यंत्रावर त्याच्या एकसारख्या 'चिंध्या' पाडतात. आणि तिकडच्या मोठ्या दुकानांच्या साइटवर बघितलंत तर 'चिंदी रग' नावाचा प्रकार दिसेल. हो, आपलीच चिंधी. गोणी आधी गेली, मग चिंधीही गेली. हे ओवलेले नसतात, हातमागावर बाण्यात चिंध्या भरून विणलेले असतात. बहुतेक भारतातूनच जातात. परवा ऑफिसच्या सहकाऱ्याने न्यू जर्सीहून कॉलवर त्याच्या घरातला तसला गालिचा कौतुकाने दाखवला. मी म्हटलं, जरा उलटा कर. मागे लेबल होतं, त्यावर दुकानाचं नाव आणि 'हँडमेड इन इंडिया'. एवढंच.

माझा कोपरा अजून उघडा आहे, साधारण सहा इंच. काळे टी-शर्ट शिल्लक आहेत, पण तिथे मला पिवळा हवाय. आईकडे एक जुनी पिवळी साडी आहे. ती म्हणते, "पायपुसण्यासाठी देणार नाही."